झाडे बाईंचे चार स्पीकर

आई-वडील सोडले, तर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार विमल झाडे बाईंचे आहेत. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याशी कसा वागलो तेही लिहायचं आहे. ते वाचल्यावर माझ्या तोंडी उपकाराची भाषा शोभत नाही असं कुणाला वाटलं, तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आमची शाळा हिंगणघाटहून अल्लीपूरकडे जाताना लागणाऱ्या एका गावात होती. गावाचं नाव लिहीत नाही. या हकिगतीतली काही माणसं अजून आहेत, आणि त्यांची नातवंडं चांगली शिकताहेत. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या खाली करायचे आणि मी शाळेत गणित शिकवायचो, या गोष्टीचा आमच्या घरात इतका आनंद होता की सकाळी माझ्या सदऱ्याला इस्त्री झाली की नाही हे वडील स्वतः बघायचे.

झाडे बाई विज्ञान शिकवायच्या. माझ्या आधी दोन वर्षं त्या या शाळेत आल्या होत्या. मूळ गाव आर्वीकडचं. वडील नव्हते; आई आणि शिकणारा धाकटा भाऊ बाईंच्या पगारावर होते. बाईंची नोकरी मात्र, माझ्यासारखीच, पक्की नव्हती. दर एप्रिलमध्ये सेवा संपल्याचा कागद मिळायचा आणि दर जूनमध्ये नवा हुकूम. हे त्यांचं तिसरं वर्ष. या वर्षानंतर एक तर कायम, नाहीतर घरी. आणि हे ठरवणार होते संस्थेचे सचिव गुलाबराव. शाळेतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, बाईंना तर होतंच. मी त्यांच्याबद्दल जे जे सांगणार आहे, ते हे ठाऊक असताना त्यांनी केलेलं आहे.

बाई उंच होत्या, चालायच्या भरभर. सुती साडी आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत वह्यांच्या बरोबर एक पेचकस, चिकटपट्टीचं रीळ आणि टॉर्चचा एक सेल कायम असायचा. नागपूरला त्यांच्या मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेजची वर्षं त्यांनी मामांकडे राहून काढली होती आणि पदवीबरोबर ही दुसरी विद्याही आणली होती. आवाज हा त्यांचा विषय. पोरं वर्गात बाक सरकवायची, तर बाई फळ्याकडे तोंड करूनच सांगायच्या, "तिसऱ्या रांगेत, खिडकीकडून. उचलून ठेव." पोरांना ती जादू वाटायची.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एसटीत. मांडीवर एक मोठा लाकडी खोका घेऊन त्या बसल्या होत्या. समोर जाळी, आत काळा कागदी शंकू. कंडक्टर वाकून म्हणाला, "बाई, या खोक्याचं तिकीट लागन."

"काऊन? जागा तं एकच अडवली मी."

"सामान आहे ना ते."

"मांडीवर आहे. मांडीवरच्याले लागते का तिकीट?"

"पोरगं असन तं नाई लागत."

"मंग पोरगंच समजा ना. रडलं तं मी पाह्यते."

गाडी हसली. कंडक्टरही हसला, पण तिकीट फाडायला त्याने पंच वर केलाच. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एसटीतच खिडकीवर लिहिलेला सामानाचा नियम त्याला बोट ठेवून दाखवला. इतक्या वजनापर्यंत मोफत. "मोजा," म्हणाल्या. कंडक्टर पुढे गेला. गंमत आणि नियम, दोन्ही त्यांच्याकडे एकाच पिशवीत असायचं, आणि समोरच्याला आधी गंमत दिली जायची.

गुलाबराव शाळेत यायचे तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळे उठून उभे राहायचे. बाईही राहायच्या. पण गुलाबरावांना बोलायची आवड होती. बोलणं पाच मिनिटांवर गेलं की बाई शांतपणे खुर्चीवर बसायच्या. आम्ही आठजण उभे, त्या एकट्या बसलेल्या. एकदा गुलाबराव थांबून म्हणाले, "थकल्या का बाई?"

"नाई जी. ऐकून राह्यली ना. ऐकाले कान लागते, पाय नाई लागत."

हेडमास्तरांच्या कपाळाला घाम आला होता. ते भले गृहस्थ होते, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती दोन वर्षं त्यांना आवाज न होता पार पाडायची होती.

बाई हिंगणघाटला एका खोलीत भाड्याने राहायच्या. एका रविवारी दुपारी त्यांनी मला आणि घरमालकीण काकूंना 'ऐकायला' बोलावलं. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, आणि चार कोपऱ्यांत चार स्पीकर. समोरचे दोन मोठे, स्टुलांवर. मागचे दोन लहान, खिळ्यांना टांगलेले. मधे पाटावर एक अॅम्प्लिफायर, त्याला झाकणच नाही, आतल्या तारा नि ट्रान्सफॉर्मर उघडा. तो त्यांनी मामांच्या दुकानात स्वतः जोडला होता. शेजारी कॅसेट वाजवायचा डेक.

कॅसेट सतारीची होती. एका सभागृहातल्या मैफलीत ध्वनिमुद्रित केलेली. आम्ही खाटेवर बसलो. सतार समोर सुरू झाली, छान वाटलं. मग आमच्या पाठीमागे कुणीतरी खोकललं.

काकू लगेच उठल्या. दाराची कडी काढून बाहेर डोकावल्या. "कोणी नाई बाप्पा इथं," म्हणून परत येतात तो पुन्हा खोकला. या वेळी त्या मला म्हणाल्या, "सर, तुमी तं नाई ना?" बाई पोट धरून हसत होत्या. मग सतार थांबली आणि टाळ्या मागून, बाजूंनी, सगळीकडून आल्या. मी आयुष्यात कधी सभागृहात बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो.

"चार स्पीकर म्हणजे मोठा महागडा अॅम्प्लिफायर लागत असेल," मी म्हटलं.

"कायले? दोनाचाच आहे. मागच्या तारा पाहा." समोरच्या प्रत्येक स्पीकरला लाल आणि काळी अशा दोन तारा होत्या. मागच्या दोघांसाठी मात्र अॅम्प्लिफायरच्या काळ्या टोकांना हातच लावला नव्हता. ते डाव्या लालपासून उजव्या लालपर्यंत जोडले होते. "डाव्या आणि उजव्या आवाजात जे सारखं आहे ते मागं जातच नाई. जे वेगळं आहे तेवढंच जाते. सतार दोन्हीकडं सारखी, म्हणून समोर राह्यते. खोकला, टाळ्या, भिंतीवरून फिरून आलेला आवाज, हे दोन्हीकडं वेगवेगळं. ते मागं. तुमची वजाबाकी आहे, लोखंडे सर. तुम्ही फळ्यावर करता, मी तारेनं करते."

मला गणिताची पदवी होती. पण वजाबाकी कानांनी ऐकू येते हे मला त्या खोलीत कळलं.

त्या वर्षी शाळेचा नवा हॉल बांधून झाला. कापूस विकला गेल्यावर पालकांनी वर्गणी दिली आणि हॉलसाठी ध्वनिसंच घ्यायचं ठरलं. तीन हजारांत सगळं बसवायचं. विज्ञानाच्या शिक्षिका म्हणून संच तपासून 'योग्य आहे' असा शेरा बाईंनी द्यायचा होता, त्याशिवाय खरेदी नाही. बाईंनी एका कागदावर वाटणी लिहून सभेत ठेवली. अर्धे पैसे स्पीकरना. उरलेल्यातले बहुतेक अॅम्प्लिफायरला. थोडे जाड तारांना. खाली एक ओळ होती: 'दिव्यांना शून्य'.

गुलाबरावांनी विचारलं, "हे दिवे कायचे?"

"नवीन सेटवर लाल-हिरवे दिवे नाचते ना, ते. त्याचे पैसे घेते दुकानदार. ते ऐकू येत नाई."

"पण दिसले पाह्यजे ना बाई! गावानं पैसे देल्ले, गावाले काही दिसाले नको?"

"मंग तीन हजाराचे पडदे घेऊ जी. छान दिसतीन."

बाईंनी मला एका शनिवारी नागपूरला नेलं. तीन दुकानं झाली. दुकानात शिरल्यावर त्या आधी कशालाही हात लावायच्या नाहीत, फक्त अॅम्प्लिफायर उचलून बघायच्या. किती वॅटचा आहे ते दुकानदार सांगत असायचा, आणि या तो सेट तान्ह्या पोरासारखा हातांवर तोलायच्या. "वॅट छापाले शाई लागते, ट्रान्सफॉर्मरले तांबं लागते. हलका असन तं सोडून द्यायचा." मग स्पीकरच्या खोक्यावर बोटाच्या पेराने ठोकायच्या, बाजारात मडकं ठोकतात तसं. मग सेल काढून स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायच्या. 'टक्' झालं आणि शंकू पुढे सरकला, की तो स्पीकर जिवंत आणि त्याची टोकं सरळ.

शेवटी माझी परीक्षा. "लोखंडे सर, भिंतीकडं तोंड करून उभे राहा." मी राहिलो. भर बाजारातलं दुकान, गिऱ्हाइकं आत-बाहेर. एका म्हाताऱ्याने दुकानदाराला विचारलंसुद्धा, "इसने क्या किया?" बाई एकामागून एक तीन सेट वाजवत होत्या. मी दुसरा निवडला. वळून बघतो तर तो सर्वांत स्वस्त, करड्या रंगाचा, बिनदिव्याचा. मला वाटलं, आपलं अडाणीपण उघडं पडलं.

"चुकलं का बाई?"

"काऊन चुकते? तुमच्या कानाले किंमत दिसत नाई, म्हणून ते खरं बोलले. तोंडानं बोलता तेव्हा तुम्ही आधी समोरच्याकडं पाह्यता."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. मला ते लागलं, कारण ते खरं होतं.

आम्ही तो करडा सेट ठरवून परत आलो आणि सोमवारी कळलं की गुलाबरावांनी वर्ध्याहून आपल्या साळ्याच्या दुकानातून संच मागवलासुद्धा आहे. त्याच आठवड्यात तो हॉलमध्ये आला. कपाटाएवढे दोन स्पीकर, समोर काच, काचेमागे दिव्यांच्या रांगा. अॅम्प्लिफायरवर चंदेरी अक्षरांत 'स्टिरिओ'. साळा स्वतः आला होता, इस्त्रीच्या सफारीत. शिक्षक, पालक, गावातले दीड-दोनशे लोक सतरंज्यांवर. पहिल्यांदा गाणं लागलं आणि दिवे नाचू लागले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुलाबराव बाईंकडे बघून म्हणाले, "आता बोला."

बाई पुढे गेल्या. त्यांनी अॅम्प्लिफायर एका हाताने उचलला. एका हाताने. मग खाली ठेवला आणि साळ्याला म्हणाल्या, "भाऊ, माह्याजवळ दोन लहान स्पीकर आहे. मागं लावून पाहू का?"

"दोन काय, आठ लावा ना मॅडम!"

मी शिडीवर चढून हॉलच्या मागच्या भिंतीला ते लहान स्पीकर टांगले. बाईंनी तारा दोन लाल टोकांना जोडल्या, डेक लावला, सतारीची कॅसेट घातली. समोरून सतार दणदणीत वाजू लागली. मागून काही नाही. बाई हॉलच्या मागे चालत गेल्या, स्पीकरला कान लावला. शांत. खोकला, टाळ्या, सगळं समोरूनच.

"तुमचे भोंगे खराब असन," साळा म्हणाला.

बाईंनी पिशवीतून सेल काढला, तारांना टेकवला. टक्. दुसऱ्याला टेकवला. टक्. सगळ्यांनी ऐकलं. मग त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत आणून ठेवलेला त्यांचा बिनझाकणाचा अॅम्प्लिफायर आणायला सांगितलं. तो बघून लोक हसले. बाईंनी तोच डेक, तीच कॅसेट, समोरचे तेच काचेचे स्पीकर आणि मागचे तेच लहान स्पीकर त्याला जोडले. सतार सुरू झाली. आणि मागून खोकला आला. सतरंजीवरची दीडशे डोकी एकदम मागे वळली.

गलका थांबायला वेळ लागला. मग बाई बोलल्या. आवाज चढवला नाही.

"स्टिरिओ म्हंजे दोन वेगळे आवाज. मागचे स्पीकर त्या दोघांतला फरक ऐकवते. या सेटमंधी फरकच नाई. एकच आवाज आहे, तो दोन खोक्यांत वाटून देल्ला. आत अॅम्प्लिफायर एक, पैसे दोनाचे. म्हणून मागं गुमसुम."

समोरच बसलेला एक कास्तकार शेतकरी म्हणाला, "म्हंजे एकाच गायीचं दूध दोन गडव्यांत टाकून दोन गायी म्हून इकून राह्यले का?" हॉल हसला. साळा लाल झाला.

आता इथून पुढचं मी मोजून लिहितो. बाईंनी आपला अॅम्प्लिफायर बाजूला केला, साळ्याचा सेट त्याच्या स्वतःच्या स्पीकरना पुन्हा जोडून दिला आणि आपल्या मागच्या स्पीकरच्या तारा पूर्ण सोडवून माझ्या हातात दिल्या. त्या मी कोपरावर गुंडाळत होतो. तेव्हा साळा म्हणाला, "ताकद पाहा याची, ताकद!" आणि त्याने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. हॉलच्या खिडक्या थरथरल्या. दिवे सगळे एकदम पेटले, मग विझले, आणि काचेमागून धूर आला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत गुलाबरावांनी बाईंना बोलावलं. गुणांचा तक्ता द्यायला मी आत गेलो होतो, मला कुणी जा म्हटलं नाही.

"सेट दुरुस्त होऊन येते, बाई," गुलाबराव म्हणाले. चिडलेले नव्हते, उलट समजावत होते. "गावात बोलून बसलो मी. तुम्ही 'योग्य आहे' लिहून द्या. जूनचा हुकूम पक्का समजा. घरी आई आहे तुमची, भाऊ शिकून राह्यला. मले का समजत नाई?"

बाईंनी शेऱ्याची वही ओढून घेतली. खिडकीबाहेर पोरं कवायत करत होती. बाईंच्या मनात काय चाललं होतं मला ठाऊक नाही, पण पेनाचं टोपण त्यांनी दोनदा लावलं आणि दोनदा काढलं. मग लिहिलं आणि वही गुलाबरावांकडे फिरवली. 'संच तपासला. स्टिरिओ नाही. घेऊ नये. वि. झाडे.'

"माह्या घरची काळजी केली, आभारी आहे जी," म्हणाल्या आणि तासावर गेल्या.

आता माझा भाग.

शाळेत सूचनांची वही असते. सुट्टी, परीक्षा, सभा, जे असेल ते त्यात लिहून शिपाई वर्गावर्गांतून फिरतो. शिक्षक दारात येतो, खडूच्या हाताने सही करतो, परत फळ्याकडे जातो. कुणीही ती वाचत नाही. सुट्टी असेल तर पोरांनाच आधी कळलेलं असतं. मार्चमधल्या एका सकाळी मी एक प्रमेय अर्धं सोडून दारात गेलो, सही केली आणि परत आलो. प्रमेयाची पुढची पायरी कोणती होती ते मला आजही आठवतं. वहीत काय होतं ते मला महिनाभराने कळलं.

एप्रिलमध्ये बाईंना कागद मिळाला. सेवा समाप्त. कारण: शाळेसाठी आणलेल्या संचाला स्वतःचे स्पीकर जोडून तो जाळला. सोबत त्या सकाळी वहीतून फिरवलेल्या निवेदनाची नक्कल, 'हे आम्ही समक्ष पाहिले आहे'. खाली आठ शिक्षकांच्या सह्या. त्यांतले तिघे त्या दिवशी हॉलमध्ये नव्हतेच. पाचवी सही माझी.

बाईंनी तो कागद शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोर ठेवला.

"अक्षर चांगलं आहे तुमचं."

"बाई, देवाशपथ, मी वाचलं नव्हतं."

"तेच तं म्हणून राह्यली मी. न वाचता इतकं चांगलं निघते!"

याहून जास्त त्या मला कधीही काही बोलल्या नाहीत. सही मागे घ्या, साक्ष द्या, असं एका शब्दाने म्हणाल्या नाहीत. हेडमास्तरांनी हळूच सुचवलं, "माफीचा अर्ज द्या, मी बोलतो साहेबांशी." बाईंनी विचारलं, "कायची माफी, ते तुम्हीच लिहून द्या सर, मी खाली सही करते." वार्षिक परीक्षेचे पेपर बाईंनी सगळे तपासून दिले, गठ्ठे बांधले, पोच घेतली आणि निघाल्या. मी थांब्यापर्यंत मागे मागे गेलो. त्या एसटीच्या खिडकीत बसून तो सेवासमाप्तीचा कागद पेन्सिल घेऊन वाचत होत्या, विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसा.

"याच्यात चार गोष्टी खोट्या आहे," खिडकीतून म्हणाल्या. "वर्ध्याले जाऊन चारही दाखवते."

मी त्यानंतर तीन दिवस शाळेत गेलो, निकालाचे तक्ते भरले, घरी आलो. चौथ्या दिवशी शिक्षणाधिकाऱ्यांना एक अर्ज लिहिला आणि बाईंना एक पत्र. अर्ज वडिलांना वाचून दाखवला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पूर्ण ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "हे खरं आहे ना?" मी हो म्हटलं. "मंग टाक पोस्टात. जिनिंग कुठं पळून चालली."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. बाईंचं उत्तर आलं, एका ओळीचं: 'या. डबा घेऊन या, तिथं दिवस जातो.' वर्ध्याला वर्षभर तारखा चालल्या. मला उलटसुलट विचारलं गेलं, खोटं कधी बोललास, आधी की आता, असंही. 'आधी', मी सांगितलं. हा एक शब्द उच्चारायला मला जे बळ लागलं, ते मी बाईंकडे बघून आणलं, आणि पुढची तीस वर्षं तेच वापरत आलो. उपकार म्हणतो ते हेच. शेवटी बाईंची सेवासमाप्ती रद्द झाली. त्या परत त्याच शाळेत, कायम म्हणून रुजू झाल्या. मला मात्र अर्ज केला त्याच वर्षीच्या जूनमध्ये हुकूम आला नव्हता. पुढे आर्वी तालुक्यातल्या एका शाळेत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो.

जुन्या शाळेतून माझे कागद आणायला गेलो तो दिवस अजून आठवतो. बाई दहावीच्या वर्गावर होत्या. दाराकडे पाठ, हातात खडू, फळ्यावर परावर्तनाची आकृती, आणि काहीतरी बोलून पोरांना हसवत होत्या. पोरं हसत होती. मी ओसरीत क्षणभर थांबलो. हाक मारली नाही, तास चालू होता.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांच्या भावाने माझं पत्र परत पाठवलं. त्यांच्या पेटीत प्रमाणपत्रांबरोबर ठेवलेलं होतं म्हणाला. ते जसंच्या तसं खाली देतो.

आदरणीय झाडे बाई,

सा. न.

आज मी शिक्षणाधिकाऱ्यांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला आहे. नक्कल सोबत आहे. त्यात लिहिलं आहे की संच जळाला तेव्हा तुमच्या स्पीकरच्या तारा त्याला जोडलेल्या नव्हत्या. त्या माझ्या हातात होत्या. बटण दुकानदाराने फिरवलं. त्या निवेदनावरची माझी सही खरी आहे आणि तिच्यावरचा मजकूर खोटा आहे. शिपायाने तासाच्या मधे वही आणली होती, हे कारण मी अर्जात दिलेलं नाही. सही माझी आहे, ती माझ्याच अंगावर राहू द्या.

तुम्ही मला यातलं काही करायला सांगितलं नाही. मी इतके दिवस वाट बघत होतो की तुम्ही सांगाल, म्हणजे मला तुमच्यासाठी केलं असं म्हणता आलं असतं. आता मला तसं म्हणता येत नाही. मी हॉलमध्ये होतो आणि मी पाहिलं, म्हणून लिहिलं.

हेडमास्तरांना मी उद्या सकाळी स्वतः सांगणार आहे. गुलाबरावांना ते सांगतीलच. माझ्या हुकमाचं काय होईल ते मला ठाऊक आहे. वडिलांनाही ठाऊक आहे.

चौकशीची तारीख कळवा. साक्षीदारांत माझं नाव घाला. तुम्हाला माझा भरवसा वाटत नसेल तर घालू नका, पण तारीख तेवढी कळवा. तुम्ही बोलावलं नाही तरी मी त्या दिवशी वर्ध्याला येऊन दारात उभा राहणार आहे.

आपला,
सुधाकर लोखंडे